‘सेफ’ की ‘आउट’? डेट्रॉइटच्या मैदानावरचा एक रविवार

अमेरिकेला लेकीसुनांकडे जाऊन आलेल्या आपल्या बायकांची प्रवासवर्णनं बहुतेक ठरलेली असतात. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, एखादं देऊळ, आणि मग ‘तिकडे काय बाई, भांडी घासायला यंत्र, कपडे वाळवायला यंत्र!’ यात खोटं काहीच नाही. पण ज्या देशात तीन-चार महिने राहायचं, तिथली माणसं रविवारी दुपारी कुठे जातात, कशावरून हसतात, कशावरून भांडतात, हे पाहायचं तर धबधब्यापाशी उभं राहून भागत नाही. त्यासाठी बेसबॉलच्या मैदानावर जायला हवं. 2025 च्या उन्हाळ्यात मी गेले, आणि खेळापेक्षाही तिथल्या पंचांच्या निकालांची जी गोष्ट घेऊन आले, ती मैत्रिणींना सांगावीशी वाटली.

माझी लेक डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावी राहते. मोटारींच्या धंद्यामुळे या भागात आपली मराठी कुटुंबं पुष्कळ. खुद्द डेट्रॉइट शहरानं मात्र फार सोसलं आहे. 1950 साली या शहराची वस्ती साडेअठरा लाख होती. 2020 च्या शिरगणतीत ती 6 लाख 39 हजारांवर आली. कारखाने गेले, माणसं गेली, 2013 साली तर शहरानं चक्क दिवाळखोरी जाहीर केली. अशा गावाला एखादी आनंदाची जागा लागतेच. ती जागा म्हणजे वुडवर्ड अव्हेन्यूजवळचं कोमेरिका पार्क, ‘डेट्रॉइट टायगर्स’ संघाचं मैदान.

हे मैदान 2000 साली उघडलं. त्याआधी 1912 पासून 1999 पर्यंत हा संघ जुन्या टायगर स्टेडियमवर खेळत असे. संघाचं नावच वाघ, तेव्हा दाराशी मोठमोठे वाघ स्वागताला उभे. भिंतींवरही वाघांची मुंडकी, प्रत्येकाच्या जबड्यात चेंडू! आत गेल्यावर मुलांसाठी गोल फिरणारा पाळणा आहे, त्यात घोड्यांऐवजी वाघ. उंच जत्रेच्या पाळण्याच्या पेट्या चेंडूच्या आकाराच्या. भाजलेले शेंगदाणे, मक्याच्या लाह्या, आणि पावावर सॉसेज नि मसालेदार खिमा घालून करतात ते इथलं प्रसिद्ध ‘कोनी डॉग’. वास, गर्दी, हरवलेली पोरं, फुगे, टोप्या... मला तर आपल्या गावच्या जत्रेत आल्यासारखंच वाटलं. देवळाच्या जागी तेवढं हिरवंगार मैदान, आणि त्याच्या पलीकडे शहराच्या उंच इमारती.

खेळ समजून घ्यायला मला माझ्या नातीनं पाच मिनिटं दिली. वय वर्षं दहा, पण शिकवायची हौस दांडगी. तिनं सांगितलेलं मी स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. एक मोठी शंकरपाळी डोळ्यांसमोर आणा, टोकावर उभी केलेली. प्रत्येक बाजू 90 फूट. चारी कोपऱ्यांवर एकेक ठाणं, त्याला म्हणायचं ‘बेस’. खालच्या टोकाशी बॅटवाला उभा राहतो, मधून ‘पिचर’ चेंडू फेकतो. चेंडू टोलवला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे धूम ठोकायची. क्षेत्ररक्षकानं चेंडू त्याच्याआधी तिथे पोहोचवला तर ‘आउट’, पाय आधी पडला तर ‘सेफ’. तीन गडी बाद झाले की बाजू बदलली. असे नऊ डाव.

आता गंमत पाहा. धावणारा आणि चेंडू दोघंही पहिल्या बेसवर जवळजवळ एकाच क्षणी येतात. पंचानं एकाच वेळी दोन ठिकाणी पाहायचं कसं? तर तो पाहतो पायाकडे, आणि चेंडू ऐकतो! चेंडू हातमोज्यात बसल्याचा ‘थप्प’ आवाज आधी आला, की पाय बेसवर आधी टेकला, एवढ्यावर निकाल. अर्ध्या सेकंदाचाही अवधी नाही. कढईतली मोहरी तडतडली की नाही हे आपण पाठमोऱ्या असतानाही कानानं ओळखतो ना, तशातला प्रकार. फरक एवढाच, की आपली मोहरी करपली तर चाळीस हजार माणसं ओरडत नाहीत.

‘पंचामुखी परमेश्वर’ असं आपण म्हणतो. बेसबॉलनं हे शंभरावर वर्षं पाळलं. पंच बोलला ते झालं. मग घरोघरी दूरदर्शन आलं, आणि मैदानावरच्या पंचाला जे दिसलं नाही ते घरी बसलेल्या आजोबांना तीनदा सावकाश दिसू लागलं. परमेश्वराचं मोठंच अवघड झालं म्हणायचं!

आपल्याकडेही हे घडलंच आहे. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये दरबानला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत तिसऱ्या पंचानं पडद्यावर पाहून पहिल्यांदाच एका फलंदाजाला धावबाद दिलं. तो फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. 2008 साली खेळाडूंनीच पंचाच्या निकालावर दाद मागायची पद्धत कसोटीत प्रथम करून पाहिली, तीही भारत-श्रीलंका मालिकेत. पुढे आपल्या क्रिकेट मंडळाचं तिच्याशी फारसं जमलं नाही. 2016 अखेर इंग्लंडचा संघ आला तेव्हा कुठे घरच्या मालिकेत ती आली. बेसबॉलवाले तर आणखी सावध. 2008 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी फक्त ‘होम रन’पुरतं, म्हणजे चेंडू सीमेपार योग्य जागी गेला की नाही एवढ्यापुरतंच, पडद्यावर पाहायला परवानगी दिली. पहिल्या बेसवर ‘सेफ’ की ‘आउट’, हा प्रश्न पंचाच्या डोळ्यांवर आणि कानांवरच राहिला.

आणि मग 2 जून 2010 ची रात्र आली. याच मैदानावर.

डेट्रॉइटचा पिचर होता आर्मांडो गालारागा, व्हेनेझुएलाचा, 28 वर्षांचा. समोर क्लीव्हलँडचा संघ. नऊ डावांत 27 गडी बाद करायचे असतात. ते सत्तावीसच्या सत्तावीस, एकालाही पहिल्या बेसवर पाय टेकू न देता बाद केले, तर त्याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. बेसबॉलच्या एवढ्या मोठ्या इतिहासात त्या दिवसापर्यंत हे फक्त 20 वेळा झालं होतं. गालारागानं 26 गडी बाद केले. सत्ताविसाव्यानं चेंडू टोलवला, मिगेल काब्रेरानं तो अडवून फेकला, गालारागानं स्वतः पहिल्या बेसवर धावत येऊन झेलला. धावणारा अजून एक पाऊल मागेच होता. सगळे हात वर करून नाचायला निघाले, आणि पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात आडवे केले. ‘सेफ!’

जॉइस कुणी नवखे नव्हते, वीस वर्षांहून जास्त काळ या कामात होते. त्याच महिन्यात एका मासिकानं खेळाडूंना नाव न छापता ‘सर्वांत चांगला पंच कोण?’ असं विचारलं, तेव्हाही पहिलं नाव त्यांचंच आलं. पण त्या क्षणी त्यांना तसं दिसलं खरं. गालारागा काय करील? तो हसला. रागानं नाही, कडवट नाही, ‘असं कसं झालं?’ असं म्हणावं तसं. मग परत जाऊन त्यानं पुढच्या गड्याला बाद केलं आणि सामना जिंकून दिला.

सामन्यानंतर जॉइस यांनी खोलीत जाऊन चित्रफीत पाहिली, आणि ते कोसळलेच. आपल्यामुळे त्या पोराचा परफेक्ट गेम गेला, असं त्यांनी वार्ताहरांसमोर स्वतःहून कबूल केलं. गालारागाला भेटून रडत रडत माफी मागितली. त्यानं त्यांना मिठी मारली. दुसऱ्याच दिवशी दुपारी याच दोन संघांचा सामना होता आणि जॉइस यांना मुख्य पंचाच्या जागी उभं राहायचं होतं. ते टाळता आलं असतं, त्यांनी टाळलं नाही. सामन्याआधी संघाची यादी पंचाच्या हाती द्यायची असते. एरवी संघाचा व्यवस्थापक देतो, त्या दिवशी ती घेऊन गालारागा आला. जॉइस यांनी डोळे पुसले, यादी घेतली, त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याला त्या दिवशी एक लाल मोटार भेट मिळाली, राज्याच्या गव्हर्नर बाईंनी ‘हा परफेक्ट गेमच’ असा जाहीरनामा काढला. पण बेसबॉलच्या प्रमुखांनी निकाल बदलला नाही. आज परफेक्ट गेमच्या यादीत 24 नावं आहेत. गालारागाचं नाही.

हे सगळं मला पुस्तकात वाचून कळलं असतं. पण मला ते सांगितलं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका बाईंनी. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर संघाची टोपी आणि मांडीवर वही. आपल्याकडे पूर्वी आजोबा रेडिओपाशी बसून धावा लिहीत, तशी प्रत्येक सामन्याची नोंद त्या गेली कित्येक वर्षं करतात. प्रत्येक गड्यापुढे बारीक चौकोन, त्यात आकडे नि खुणा. मी डोकावून पाहते आहे म्हटल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. काही चौकोनांभोवती गोल काढलेले होते. विचारलं, तर म्हणाल्या, हे ‘चॅलेंज’. म्हणजे पंचाच्या निकालाला दिलेलं आव्हान. गोलात बरोबरची खूण असेल तर निकाल कायम, फुली असेल तर फिरवला.

तेवढ्यात मैदानावर तसंच झालं. एक गडी दुसऱ्या बेसवर पोटावर घसरत आला. पंच म्हणाला ‘सेफ’. लगेच क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या व्यवस्थापकानं हात वर केला, थांबा म्हणून. आत एका खोलीत संघाचा माणूस चित्रफीत पाहत बसलेला असतो, तो फोनवर सांगतो, द्या आव्हान किंवा नका देऊ. विचाराला अवधी 15 सेकंद. बाईंनी पेन्सिल सरसावली. आव्हान दिलं! दोन पंच कानाला यंत्र लावून उभे राहिले. समोर मॉनिटर असला तरी निकाल ते देत नाहीत. तो येतो न्यूयॉर्कहून. देशभरच्या सगळ्या मैदानांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं तिथल्या एका मोठ्या खोलीत येतात आणि पाळीपाळीनं तिथे बसणारे पंचच ती उलटसुलट पाहून निर्णय कळवतात. मोठ्या पडद्यावर आम्हालाही दिसलं. गड्याचा हात बेसला लागला होता खरा, पण घसरण्याच्या झोकात तो क्षणभर, अगदी बोटभर, वर उचलला गेला आणि हातमोज्यातला चेंडू तेव्हा त्याच्या खांद्याला टेकलेला होता. पंचानं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, निकाल फिरला, ‘आउट’. बाईंनी गोल काढून फुली मारली.

ही पद्धत सुरू झाली 2014 साली. प्रत्येक संघाला सुरुवातीला एकच आव्हान. ते खरं ठरलं तर ते तुमच्याकडे राहतं, फुकट गेलं तर संपलं. मोठ्या अंतिम फेऱ्यांच्या सामन्यांत दोन. निकालाचे शब्दही तीन तऱ्हांचे. पंच बरोबर होता असं स्पष्ट दिसलं तर ‘पक्का’. चूक होता असं स्पष्ट दिसलं तर ‘फिरवला’. आणि नक्की काहीच दिसलं नाही तर ‘जसा होता तसा’. हा तिसरा शब्द मला फार आवडला. कॅमेऱ्यालासुद्धा कधी कधी कळत नाही, आणि तसं म्हणायची सोय त्यांनी ठेवली आहे.

मला वाटलं होतं, एवढे नामांकित पंच, शेकडा पाच-दहा निकाल फिरत असतील. बाईंनी वहीची पानं उलटून दाखवली. फुल्या आणि बरोबरच्या खुणा जवळजवळ सारख्याच! देशभरचे आकडेही असेच आहेत म्हणे, आव्हान दिलेल्या निकालांपैकी साधारण निम्मे फिरतात. याचा अर्थ निम्मे निकाल चुकतात असा मात्र नाही हं. संशय येतो तेव्हाच आव्हान देतात. सामन्यातले बाकीचे ढीगभर निकाल कुणी विचारतही नाही, इतके ते बरोबर असतात.

मग बाईंनी पिशवीतून एक जुनी वही काढली. 2010 ची. ती त्या अजून बरोबर नेतात. त्या रात्री त्या नातवाला घेऊन इथेच होत्या. मैदान अर्धंसुद्धा भरलं नव्हतं, पण पुढे भेटलेला जो तो सांगतो की मी तिथे होतो, असं सांगून त्या हसल्या. शेवटच्या पानावर सव्वीस चौकोनांत ‘बाद’च्या खुणा, आणि सत्ताविसाव्यात ‘सेफ’ची. त्याच्याभोवती गोल नाही, कारण तेव्हा आव्हान देताच येत नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला तर खरं ठाऊक आहे, मग पेन्सिलनं लिहिलेलं खोडून नीट का नाही केलं? त्यांचं म्हणणं असं की वहीत लिहायचं ते पंच बोलला ते. आणि खोडलं तर दुसऱ्या दिवसाची गोष्टही खोडली जाईल.

दुसऱ्या दिवसाची गोष्ट म्हणजे ती मिठी आणि ते डोळे पुसणं. आदल्या रात्री त्या पंचाला नातवासमोर वाटेल ते ओरडून बोलल्या होत्या. इतकी वर्षं वर्गात पोरांना जीभ सांभाळायला शिकवलं, आणि स्वतः? दुसऱ्या दिवशी दुपारी दूरदर्शनवर त्या माणसाला रडताना पाहिलं आणि नातवाकडे त्यांना बघवेना. त्या दिवशी मैदानातल्या बहुतेक लोकांनी पंचासाठी टाळ्या वाजवल्या. त्यात आपण नव्हतो, याची रुखरुख त्यांना आजही आहे.

यावर मी फार विचार केला. आज तो सामना झाला असता तर व्यवस्थापकानं हात वर केला असता, न्यूयॉर्कहून दोन मिनिटांत ‘आउट’ आलं असतं, आणि गालारागाला त्याच्या हक्काचं मिळालं असतं. हेच योग्य, नाही का? जे ज्याचं ते त्याला मिळालंच पाहिजे. ‘चुकलं तर चुकलं, पोरानं समजून घ्यावं’ हा उपदेश नेहमी ज्याचं गेलं त्यालाच केला जातो, हे आपल्या बायकांना कुणी सांगायला नको. घरात पिढ्यान्‌पिढ्या निकाल एकानं द्यायचा आणि समजून दुसरीनं घ्यायचं, हेच चाललं. म्हणून मला हे आव्हान मनापासून पटलं. गालारागाचा मोठेपणा मोठाच. पण तो दाखवायची वेळ कुणावर न आलेली बरी.

बायकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी दोघींची नावं सांगते. 1972 च्या जूनमध्ये बर्निस गेरा नावाच्या बाई अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या पहिल्या स्त्री-पंच झाल्या. त्यासाठी त्यांना काही वर्षं कोर्टात झगडावं लागलं. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा गावी, खालच्या श्रेणीचा सामना. दुसऱ्या बेसवर त्यांनी आधी ‘सेफ’ म्हटलं, लगेच चूक लक्षात आल्यावर ‘आउट’ केलं. झालं! व्यवस्थापक धावून अंगावर आला, नाही नाही ते बोलला. सहकारी पंचांचा आधार नाही. सामना संपताच त्यांनी राजीनामा दिला. आपला निकाल आपणच सुधारणं, जे आज न्यूयॉर्कची खोली रोज करते, तेच त्या बाईंना एका दिवसात बाहेर घालवायला पुरलं.

त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं गेली. 9 ऑगस्ट 2025 ला अटलांटाच्या मैदानावर जेन पावोल या सर्वोच्च श्रेणीच्या नियमित सामन्यात उभ्या राहणाऱ्या पहिल्या स्त्री-पंच ठरल्या. आदल्या कित्येक वर्षांत त्यांनी खालच्या श्रेणीत शेकडो सामने केले होते. पहिल्या दिवशी त्यांना जागा मिळाली ती पहिल्या बेसची, जिथे जिम जॉइस उभे होते तीच. मी आणि नात घरी दूरदर्शनसमोर बसलो होतो. लेकीनं स्वयंपाकघरातून विचारलं, कोण जिंकतंय? नात म्हणाली, ‘ते नाही बघत आम्ही, अंपायर बघतोय!’

आता तर आणखी पुढची पायरी आली आहे. फेकलेला चेंडू योग्य टप्प्यातून गेला की नाही, ‘बॉल’ की ‘स्ट्राइक’, हा निकाल 2014 नंतरही पंचाकडेच राहिला होता. 2026 च्या हंगामापासून त्यावरही आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन, आणि तेही व्यवस्थापकानं नाही; बॅटवाला, पिचर किंवा यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा ‘कॅचर’, यांपैकी कुणी तरी लगेच स्वतःच्या टोपीवर टपली मारायची. कॅमेऱ्यांच्या हिशेबानं यंत्र उत्तर देतं. टप्प्याची उंची प्रत्येक खेळाडूच्या उंचीप्रमाणे ठरते, ब्लाउज बेतावा तशी! नातीनं घरी ही पद्धत लगेच लागू केली. आई रागावली की टोपीवर टपली आणि ‘चॅलेंज!’ दिवसाला दोनच, खोटी निघाली तर संपली, असा कायदा लेकीनं केला. निकाल द्यायला आजी. पहिल्याच आठवड्यात दोन वेळा मी नातीच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हापासून माझ्या लेकीचं मत आहे की पंच बदलायला हवा.

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात तिकडे जाणार असाल तर एक सामना जरूर पाहा. हंगाम मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत, प्रत्येक संघाचे 162 सामने आणि त्यातले निम्मे घरच्या मैदानावर, त्यामुळे तिकिटं मिळतात. 2023 पासून चेंडू फेकायला घड्याळ लावल्यानं सामना साधारण पावणेतीन तासांत आटोपतो. दुपारचा सामना असेल तर टोपी हवीच, शक्यतो सावलीतल्या खुर्च्या घ्याव्यात. संध्याकाळी मात्र शाल बरोबर असू द्या, एप्रिल-मे महिन्यांत तिथे चांगलंच गार होतं. मोठी पर्स नेऊ नका, दाराशी तपासणी असते. काय चालतं ते आधी विचारून घ्यावं. शाकाहारी मंडळींची शेंगदाणे, लाह्या आणि खारी प्रेट्झेल यांवर मजेत सोय होते. सातव्या डावाच्या मध्ये सगळे उभे राहून गातात, आपणही उभं राहावं, गुडघ्यांना बरंच वाटतं.

आणि शेजारी कुणी वही घेऊन बसलेल्या बाई दिसल्या, तर संकोच न करता त्यांच्या वहीत डोकावा. सरकवतील त्या तुमच्याकडे.